आईच्या नावावरची रजा

प्रबुद्ध इंगळेने रजेच्या अर्जात आपल्या आईला आजारी पाडलं, तेव्हा आई आत भाकरी थापत होती. सहासष्ट वर्षांची बाई. चारकोपच्या म्हाडाच्या बिल्डिंगचे तीन मजले दिवसातून चारदा चढायची आणि लिफ्ट नाही म्हणून कधी कुरकुरली नव्हती. इकडे लेकाने लिहिलं की आईच्या मणक्याला गंभीर त्रास आहे, डॉक्टरांनी सहा आठवडे बिछान्यावरून उठायला मनाई केली आहे, बायको बँकेत नोकरीला जाते, घरी पाहणारं कोणी नाही. आतून हाक आली, “गरम आहे तोवर ये.” त्याने अर्ज पाठवला आणि जेवायला गेला.

आजारी होता तो स्वतः. मरोळच्या एका कंपनीत तो बारा जणांच्या टीमचा प्रमुख होता, आणि गेल्या दीड वर्षात त्याने एकही जेवण फोन बाजूला ठेवून केलं नव्हतं. आधी झोप गेली, मग तोंडाची चव गेली, मग कुकरच्या शिट्टीवरूनही तो बायकोवर, सपनावर ओरडायला लागला. आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी रिक्षा ऑफिसच्या गेटसमोर थांबली आणि तो उतरलाच नाही. पाय धड होते. पण उतरायचं कशासाठी, हेच त्याला उमगेना. रिक्षावाला म्हणाला, “साहब, आ गया.” हा म्हणाला, “वापस लो.” मरोळ ते चारकोप तो रिक्षात बसून रडला. रिक्षावाल्याने आरसा हळूच दुसरीकडे वळवला आणि घर येईपर्यंत एक शब्द विचारला नाही.

कांदिवलीच्या डॉक्टर क्षमा यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर स्वच्छ लिहून दिलं: कामाच्या ताणामुळे आलेला तीव्र थकवा, सहा आठवडे संपूर्ण विश्रांती. तो कागद ऑफिसात दिला असता तर काम भागत होतं. पण या शहाण्याने तो विजेच्या बिलांच्या फायलीत सारला आणि आईचा मणका पुढे केला.

त्याला कारण होतं, आणि ते कारण त्याला शोभणारं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्याच टीममधल्या गंधालीने असा कागद देऊन महिनाभर रजा घेतली होती. ती परत आल्यावर कुणी तिला वाईट बोललं नाही. फक्त मोठं काम आलं की सगळे तिच्याकडे बघायचे आणि काम दुसऱ्याला द्यायचे. “तिला नको, पुन्हा कोसळेल,” असं एकदा मीटिंगमध्ये म्हणणारा माणूस कोण, तर प्रबुद्ध इंगळे. तेव्हा त्याला आपण समंजसपणे बोललो असंच वाटलं होतं. गंधालीने सहा महिन्यांत नोकरी सोडली.

शिवाय बाप होता. धोंडिराम इंगळे मेहकरकडून मुंबईला आला, महापालिकेच्या मलनिःसारण खात्यात लागला, आणि एकतीस वर्षं गटारांत उतरून निवृत्त झाला. आई म्युनिसिपल हॉस्पिटलात आया होती, तीही तितकीच वर्षं. त्या दोघांच्या पोराने ऑफिसात चाकाच्या खुर्चीत, एसीच्या थंडगार हवेत बसून म्हणायचं की मी थकलो? असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. बाप तर जाऊन सहा वर्षं झाली होती. पण प्रबुद्ध स्वतःला रोज विचारायचा आणि रोज मेल्याहून मेल्यासारखा व्हायचा.

संध्याकाळी त्याने सपनाला अर्जाचं सांगितलं.

“स्वतःचं नाव घालायला काय झालं होतं तुला?” सपना म्हणाली.

“तुला ऑफिस माहीत नाही, यार.”

“मला आई माहीत आहेत.”

आई दारातच उभी होती. सगळं ऐकून ती हसली. “कागदावर पडायचंय ना? पडते. त्यात काय.” गोष्ट कागदावरच राहिली असती तर तिचंही काही म्हणणं नव्हतं.

पण श्यामसुंदर सर चांगले निघाले. प्रबुद्धचे वरिष्ठ. असला माणूस वाईट असता तर बरं, असं वाटायला लावणारे. कुणाचं आजारपण ऐकलं की भेटायला जायचं हा त्यांचा नेम. रविवारी सकाळी अकरा वाजता त्यांचा फोन आला, “इंगळे, आम्ही तुमच्या सेक्टरमध्ये पोचलोय. कुठली बिल्डिंग?” सोबत टीममधली मानसी आणि आणखी दोघं, शहाळी आणि सफरचंदं.

प्रबुद्धच्या तोंडचं पाणी पळालं. आई तेव्हा टेबलाशी बसून वाचत होती. ती काय वाचत होती ते इथे सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे.

सेक्टरच्या बुद्धविहारात दर वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून पुढचे तीन महिने, रोज संध्याकाळी सात वाजता ग्रंथवाचन होतं. वाचायला कोण बसणार ते महिला मंडळ ठरवतं. तो मान आहे, आणि विहारात एकदा ज्या बाईने वर्षावास वाचला तिला पुढे जन्मभर लोक त्या आवाजाने ओळखतात. द्रौपदी इंगळेला अक्षरओळख झाली त्रेचाळिसाव्या वर्षी. हॉस्पिटलातल्या जयंती सिस्टर जेवणाच्या सुट्टीत तिला औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं लावायला शिकवायच्या. त्यानंतर तेवीस वर्षांनी, या बुद्धपौर्णिमेला, मंडळाने तिचं नाव जाहीर केलं. त्या दिवसापासून ती रोज दोन तास सराव करत होती. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, तिथे तिने पेन्सिलीने बारीक रेघा मारल्या होत्या. पांढरी साडी घेऊन ठेवली होती. आषाढी पौर्णिमा चार दिवसांवर होती.

“आई, झोप,” प्रबुद्ध म्हणाला. “सर आलेत. फक्त दहा मिनिटं.”

तिने चष्मा काढला, ग्रंथ मिटला, आणि पलंगावर जाऊन चादर गळ्यापर्यंत घेतली.

सरांना घर दाखवायला शुभाताई वर आल्या. तळमजल्यावर राहणाऱ्या, महिला मंडळाच्या अध्यक्षा. खालीच त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता.

“अहो द्रौपदीताई, काल तर भाजीची पिशवी घेऊन चढलात.”

आईने लेकाकडे पाहिलं.

“ऐकतच नव्हती,” प्रबुद्ध म्हणाला. “काल दुसरा रिपोर्ट आला तेव्हा कुठे पडली.”

सरांनी आईच्या पायाला हात लावून नमस्कार केला. मानसीने शहाळं ग्लासात ओतून दिलं. आईने ते आडवी होऊनच प्यायलं, थोडं मानेवर सांडलं. मग शुभाताई पलंगाच्या कडेला टेकल्या आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “वाचनाची काळजी करू नका हं. रोज दोन दोन तास मांडी घालून बसायचं, ते आता जमायचं नाही. मी मीराताईंना सांगते या वर्षी.”

आई उठता उठता राहिली. “नाही, बसेन मी. तसं काही...” आणि ती थांबली, कारण खोलीत लेकाचे साहेब उभे होते.

इथे प्रबुद्धने तोंड उघडायला हवं होतं. काहीही सांगता आलं असतं. बसायला हरकत नाही म्हणता आलं असतं. खोटंच बोलायचं तर तेवढं जरा बेताचं बोलता आलं असतं. पण श्यामसुंदर सर त्याच्याकडे बघत होते आणि तो म्हणाला, “हो ना. डॉक्टरांनी बसायलासुद्धा सक्त मनाई केलीये.”

आईने डोळे मिटून घेतले. सरांना वाटलं, तिला दुखतंय. ते हलक्या पावलांनी निघाले.

त्यानंतर तो बरा व्हायला लागला. हे सांगायलाही लाज वाटते, पण तसंच झालं. पहिला आठवडा तो नुसता झोपला. दुसऱ्या आठवड्यात भूक लागली. आई त्याला वरण-भात, ठेचा, ज्वारीची भाकरी करून घालायची, आणि बेल वाजली की गॅस बंद करून पलंगावर धावायची. तिसऱ्या आठवड्यापासून तो सकाळी चारकोपच्या तळ्याकडे तासभर चालून यायचा, फोन घरी ठेवून. परतताना भाजी आणायचा. कोथिंबिरीचा वास येतो हे त्याला नव्याने कळलं. सपना एकदा म्हणाली, “काल तू झोपेत दात खात नव्हतास,” तर त्याला केवढा आनंद झाला.

पण भाजी घेऊन येताना जिन्यात माणसं भेटायची. “आईची फार करतोस रे,” दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणायच्या. “आमच्याकडे बघ, पाण्याचा ग्लास देत नाहीत.” तळमजल्यावरचा बेस्टचा ड्रायव्हर किरण त्याच्या हातातली पिशवी ओढून घ्यायचा आणि वरपर्यंत पोचवायचा. “तू दमला असशील,” तो म्हणायचा. प्रबुद्ध मान खाली घालून जिना चढायचा, आणि लोक म्हणायचे, बघा, गुणी पण किती.

आई मात्र खाली उतरली नाही. उतरणार कशी? गॅलरीत सुद्धा येईना, समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं म्हणून. जिची पावलं दिवसभर जिन्यात वाजायची ती बाई दोन खोल्यांत फिरत राहिली. सातला विहाराचा कर्णा सुरू व्हायचा. मीराताई वाचायच्या भरभर, वाक्याचं शेपूट गिळत, घरी डाळ शिजत ठेवून आल्यासारख्या. आई आपली प्रत उघडून ओळींवरून बोट फिरवायची आणि ओठातल्या ओठात त्यांच्यासोबत वाचायची. त्या गिळत तो शब्द आई पुरा म्हणायची. त्यामुळे मग मागे पडायची, पुन्हा गाठायची.

प्रबुद्ध हे बघायचा आणि आतल्या खोलीत जायचा. डॉक्टरांनी ताण घ्यायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना.

पाचव्या आठवड्यातली गोष्ट. त्या संध्याकाळी तो आत गेला नाही. वाचनाआधी विहारात वंदना होते, पंचशील होतं. कर्ण्यावरून एकेक शील येत होतं आणि आई भिंतीवरच्या तसबिरीसमोर हात जोडून म्हणत होती. पहिलं म्हणाली. दुसरं, तिसरं म्हणाली. चौथ्याला तिचे ओठ मिटले. खोटं बोलणार नाही, हे ते चौथं शील. कर्ण्यावर ते पूर्ण होईपर्यंत ती नुसती हात जोडून उभी राहिली, आणि पाचवं सुरू झाल्यावर पुन्हा म्हणायला लागली.

त्याला वाटलं, विसरली असेल. दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम पाहिलं. पुन्हा तेच.

“आई,” तो म्हणाला, “चौथं तू म्हणत नाहीस.”

“म्हणून काय करू? बेल वाजली की पडतेच आहे ना.”

“कधीपासून?”

“साहेब येऊन गेले तेव्हापासून.” ती खाली बसली आणि चष्मा पदराला पुसू लागली. “लहानपणापासून म्हणते मी. अक्षर येत नव्हतं तेव्हाबी म्हणायची.”

प्रबुद्धला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग त्याने विचारायचं ते विचारलं. “तुला राग आलाय माझा?”

“आलाय ना. काऊन येणार नाही? आणि थकलास त्याचा नाही. थकलास तर थकलास, माणूस आहेस. तुझा बाप थकायचा नाही असं वाटतं का तुला?”

“बाबांनी कधी खाडा केला नाही.”

“कोण म्हणतं?” आईला हसू आलं, राग असूनही. “तुझ्या आजीला दोनदा मारलं त्यानं. रजा मागायला गेलं की मुकादम म्हणायचा, कोण मेलं? मग हा म्हणायचा, आई. एकदा तर खात्यातली माणसं वर्गणी घेऊन दारात आली आणि आजी दारात बसून तंबाखू मळत होती. ती काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, मी मावशी आहे, बाई गेली. दोन दिवस झोपला मग तुझा बाप. नुसता झोपला. जेवायलाबी उठला नाही.”

प्रबुद्धला हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या मनातला बाप एकतीस वर्षं न थकलेला बाप होता, आणि त्या बापापुढे तो दीड महिना कान धरून उभा होता. त्याचा जीव जरासा भांड्यात पडला. “म्हणजे बाबांनीही...” तो म्हणाला.

“हो. पण त्याच्याकडे कागद नव्हता,” आई म्हणाली. “थकला म्हणून लिहून देणारा डॉक्टर त्याला कोण भेटणार होता? त्याच्यापुढे दुसरी वाट नव्हती. तुझ्याकडे कागद होता, बाबू. तू तो बिलात दडवला आणि मला पाडलं.”

प्रबुद्ध म्हणाला, “उद्या शुभाताईंना सांगतो.”

आणि तो खरोखरच दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. शुभाताईंनी दार उघडलं, त्याला बघितलं आणि त्याला बोलूच दिलं नाही. “बरं झालं आलास. मीच येणार होते. श्रावण पौर्णिमेला विहारात तुझा सत्कार आहे मंडळातर्फे. नोकरी बाजूला ठेवून आईची सेवा करणारा मुलगा म्हणून. पोरांना कळू दे जरा. पत्रिका छापून आली बघ.” पत्रिकेवर त्याचं नाव होतं, ठळक, खाली ‘मातृसेवा’ असं लिहिलेलं.

तो म्हणाला, “याची काही गरज नव्हती.”

शुभाताई म्हणाल्या, “हाच तुझा चांगुलपणा.”

पत्रिका घेऊन तो वर आला. आईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पत्रिका वाचली, आणि कणीक मळायला घेतली. ती बोलली असती तर बरं, असं त्याला वाटलं. त्याच दिवशी श्यामसुंदर सरांचा फोन आला. आईंना अजून बरं नसेल तर आणखी महिनाभर घरून काम करा, मी बघतो वरती. प्रबुद्ध म्हणाला, “विचार करून सांगतो, सर.” फोन ठेवल्यावर सपनाने विचारलं, “विचार कसला करणारेस?” तो भाजीची पिशवी घेऊन खाली उतरला. तिने तीन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात किरण आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक शेजारी, आणि त्यांच्या हातात हात टेकायची प्लास्टिकची खुर्ची. मागे शुभाताई. “मुलाचा सत्कार आईने बघायचा नाही होय? आम्ही नेतो अलगद. धक्का लागू देणार नाही.”

आई पांढरी साडी नेसलेली होती. कोण जाणे ती का नेसली होती. कर्ण्यावर ऐकायचं तरी नीट नेसून ऐकावं असं तिला वाटलं असेल. ती पलंगावर पडलेली होती आणि तिने मान वळवून लेकाकडे एकदा पाहिलं. एकदाच. त्याने चप्पल शोधायला घेतली.

त्यांनी तिला उचलून खुर्चीत बसवलं. घसरू नये म्हणून सपनाची ओढणी पोटावरून घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधली. ओढणी देताना सपनाने नवऱ्याकडे बघितलंही नाही. मग खुर्ची उचलली आणि जिना उतरायला लागले. पुढे किरण, उलटा, एकेक पायरी चाचपत. मागे शेजारी. आईचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट, डोळे समोरच्या भिंतीवर. प्रबुद्ध सगळ्यांच्या मागे होता. दारं उघडून माणसं बघत होती, आणि एका बाईने आईला हात जोडले.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर किरण थांबला. त्याचं तोंड वाकडं झालं होतं, कपाळावरून घाम गळत होता. “एक मिनिट रे,” तो म्हणाला. “कंबर धरली माझी. काही नाही, उचलू. मावशी, तुम्ही घट्ट धरून बसा.”

“खाली ठेवा,” प्रबुद्ध म्हणाला.

“अरे, होईल. जरा दम...”

“खुर्ची खाली ठेवा. आईला काही झालेलं नाही.”

त्यांनी खुर्ची टेकवली. दोन पायऱ्या खाली उभ्या असलेल्या शुभाताईंनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. “म्हणजे? बरं वाटतंय आता? रिपोर्ट चांगला आला का?”

हो म्हटलं असतं तर सुटला असता. सगळे सुटले असते. आई चालत उतरली असती, लोकांनी सेवेचं फळ म्हणून कौतुक केलं असतं आणि शाल खांद्यावर पडली असती. त्याच्या ओठांपर्यंत तो ‘हो’ आला होता, हे त्याने नंतर सपनाजवळ कबूल केलं.

“नाही,” तो म्हणाला. “ती आजारी नव्हतीच. कधीच नव्हती. मी खोटं सांगितलं, ऑफिसात आणि तुम्हालाही.”

खाली कुणाच्या तरी घरात भांडं पडलं.

“मग आजारी कोण होतं?” शुभाताईंनी विचारलं.

“मी.”

“तुला काय झालं होतं? दिसत तर नाही काही.”

“थकलो होतो. कामाने. डोकं चालत नव्हतं, झोप नव्हती. डॉक्टरांनी सहा आठवडे घरी बसायला सांगितलं.” इतके दिवस जे शब्द त्याला जगातले सगळ्यात लाजिरवाणे वाटत होते ते बोलून झाले आणि त्यांचं कुणाला काहीच वाटलेलं दिसलं नाही. सगळे आईकडे बघत होते, आणि ओढणीच्या गाठीकडे. त्याला भलत्याच गोष्टीची लाज वाटत आली होती, हे त्याला त्या वळणावर उभं राहून कळलं. खरी लाजेची गोष्ट समोर खुर्चीला बांधलेली होती.

किरण कंबर चोळत होता. “मग तू बस खुर्चीत,” तो म्हणाला. “अजून दोन मजले आहेत.” चेष्टा होती की शिवी, ते त्याचं त्यालाच ठाऊक. हसलं कुणी नाही.

आईने मागे हात नेऊन गाठ सोडवली आणि ती उठली. “तो चालत येईल,” ती म्हणाली, आणि पदर सारखा करून कठड्याला हात न लावता खाली निघाली.

शुभाताई तिच्या मागोमाग उतरल्या. “द्रौपदीताई,” त्या म्हणाल्या, “मीराताईंकडून वाचन आता काढून घेता येणार नाही. महिना झाला त्या वाचतायत.”

“मी मागितलं का?” आई म्हणाली.

प्रबुद्ध वळणावर एकटा राहिला. त्याने फोन काढला. डॉक्टरांच्या कागदाचा फोटो त्यात पहिल्या दिवसापासून होता. तो त्याने श्यामसुंदर सरांना पाठवला आणि खाली लिहिलं की आई ठणठणीत आहे, रजा माझ्यासाठी होती, मी खोटं लिहिलं, सोमवारी येऊन भेटतो. वाचून बघितलं असतं तर पाठवलं नसतं, म्हणून वाचलं नाही. मग खुर्ची उचलली आणि ती घेऊन दोन मजले उतरला. दारांत माणसं अजून उभी होती. आता हात कुणी जोडत नव्हतं.

विहार गच्च भरलं होतं. जिन्यातली बातमी त्याच्या आधी पोचली होती. तो आत आला तेव्हा कुजबुज थांबली, यावरून ते कळलं. टेबलावर घडी केलेली शाल होती. शुभाताईंनी ध्वनिक्षेपकावर सांगितलं की आजचा सत्कार होणार नाही, आणि कारण सांगितलं नाही. त्यांचे उपकार झाले, असं त्याला वाटलं. तो पुरुषांच्या बाजूला मागच्या ओळीत भिंतीशी बसला. सपना बायकांत जाऊन बसली होती. लाज वाटत होती, कान तापले होते, पण सहा आठवडे जी लाज दडवत त्याला फिरावं लागलं ती आता सगळ्यांच्या समोर होती, आणि निदान दडवायचं काम उरलं नव्हतं. झालं ते झालं, संपलं एकदाचं, असं म्हणून त्याने लांब श्वास सोडला.

मीराताई ग्रंथापुढे बसल्या. वंदनाही त्याच घेत. त्यांनी हात जोडले, सगळ्यांनी जोडले, आणि तेवढ्यात बायकांच्या शेवटच्या ओळीतून आई उभी राहिली.

“वंदना सुरू व्हायच्या आधी मला बोलायचंय,” ती म्हणाली.

तिला ध्वनिक्षेपक द्यायला कुणीतरी उठलं. तिने हातानेच नको म्हटलं. तिचा आवाज तसाही शेवटपर्यंत पोचत होता. त्या आवाजासाठीच तर मंडळाने तिला निवडलं होतं.

“मी महिनाभर खोटी पडून राहिले,” आई म्हणाली. “माझ्या पाठीला काही झालं नव्हतं. लोकांनी सफरचंदं आणली, शहाळी आणली, मी पडल्या पडल्या घेतली. किरणची कंबर धरली माझ्यापायी. पोराने सांगितलं म्हणून मी पडले असं कुणी म्हणू नका. मी मोठी बाई आहे. मला नाही म्हणता येत होतं, मी म्हटलं नाही. माझी चूक आहे. मला माफ करा.”

तिने हात जोडले आणि कमरेत वाकली. निरोगी कमरेत, खालपर्यंत.

प्रबुद्ध भिंतीशी बसून ते बघत होता. जिन्यात सगळं आपल्या अंगावर घेतलं असं त्याला वाटलं होतं, आणि ही बाई त्यातला आपला वाटा मागून घेत होती, शेदीडशे माणसांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा. इतकी लाज त्याला रिक्षात वाटली नव्हती, सरांसमोर वाटली नव्हती, जिन्यात वाटली नव्हती. तो उठला. माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बायकांच्या बाजूला गेला, आईच्या शेजारी उभा राहिला आणि त्यानेही हात जोडून मान वाकवली.

कुणी पुढे आलं नाही. कुणी असू दे म्हटलं नाही. एका म्हाताऱ्या बाईंनी सरकून थोडी जागा केली आणि दोघं सतरंजीवर बसले.

मीराताईंनी चष्म्यावरून आईकडे बघितलं. त्यांच्या हाताखाली ग्रंथ उघडा होता आणि त्या जरा अवघडल्या होत्या.

“करू का सुरू?” त्यांनी विचारलं.

“करा,” आई म्हणाली. “जरा सावकाश वाचा.”